शेपूट अजून हलतंय, मग ठरवायचं कसं?

पत्र (थोडं छोटं करून देतेय):

"ताई, आमचा ब्रूनो साडेतेरा वर्षांचा लॅब्रेडॉर कुत्रा आहे. मार्चपासून किडनीचा त्रास, आता क्रिएटिनिन ६.८ आहे, सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकसलेल्या दिसल्या. दिवसाआड घरीच कातडीखाली सलाईन देतो. मागचे पाय जवळजवळ गेलेत. आम्ही डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, त्यामुळे खाली न्यायचं म्हणजे चादरीत घालून चौघांनी. बाबा ७४ वर्षांचे आहेत, रात्री हॉलमध्ये त्याच्याजवळच गादी टाकून झोपतात, या विषयावर काहीच बोलत नाहीत. आई म्हणते आपण कोण जीव घेणारे, नैसर्गिक काय ते येऊ दे. दादा कॅलिफोर्नियाला आहे, दिवाळीला येतोय, म्हणतो मी येईपर्यंत थांबा. डॉक्टर म्हणतात 'तुम्ही ठरवा'. बाबांच्या चहातली खारी त्याचा जीव की प्राण होती, ती पण आता नको म्हणतो. पण मी संध्याकाळी ऑफिसमधून आले की शेपूट मात्र हलवतो. शेपूट हलवणाऱ्या कुत्र्याला मी कसं इंजेक्शन देऊ? आणि खरं सांगू का, खर्चही झेपत नाहीये आता, ते मनात येतं आणि मग स्वतःचीच लाज वाटते. माझ्या बहिणीचा सात वर्षांचा मुलगा शाळेतून थेट आमच्याकडे येतो, त्याला काय सांगायचं तेही कळत नाही. मला फक्त एवढं सांगा, कधी?"

अगं, तू सगळ्यात जास्त शेपटीवर लिहिलंयस पण तुझ्या पत्रातलं कामाचं वाक्य बाबांचं आहे. बाबा रात्री त्याच्याजवळ झोपतात आणि काही बोलत नाहीत. तू ब्रूनोला संध्याकाळी सातला बघतेस, बाबा त्याला रात्री तीनला बघतात, आणि त्या दोन वेळांना दिसणारा कुत्रा एकसारखा असेलच असं नाही. म्हणून "कधी" हे मला विचारायच्या आधी बाबांना विचार. पण "बाबा, आपण त्याला झोपवूया का" असं नको विचारूस, त्याला ते उत्तर देणार नाहीत, पेपर उचलतील नि बाल्कनीत जाऊन बसतील. असं विचार की काल रात्री किती वेळा उठायचा प्रयत्न केला, उलटी झाली का, कूस बदलायला तुम्ही मदत केली की त्याची त्याने बदलली, धापा किती वेळ टाकत होता. माहिती विचारली की या वयाचे बाप बोलतात, भावना विचारल्या की गप्प होतात, निदान माझ्या बघण्यातले तरी सगळे असेच.

आता शेपटीचं. कुत्रा आपलं माणूस दिसलं की शेपूट हलवतो, पोटात मळमळत असलं तरी हलवतो, तोंडात फोड आलेले असले तरी हलवतो, पाय मोडून पडलेला असला तरी हलवतो. आपल्याकडे आजारी आजी कशी, पाहुणे आले की पदर सावरून उठून बसते, "मी बरी आहे गं, तुम्ही चहा घ्या" म्हणते आणि पाहुणे गेले की रात्रभर कण्हते, तसंच हे. ते खोटं नसतं हं, तुला बघून त्याला खरंच बरं वाटतं, फक्त त्या दोन मिनिटांवरून बाकीच्या दिवसाचा हिशोब लागत नाही.

आणि दुखत असेल तर विव्हळेल, तेव्हा आपल्याला कळेलच, असं धरून चालू नकोस. रोजचं जुनं दुखणं कुत्री गपचूप सोसतात. ते दिसतं ते असं की पंखा चालू आहे, तो जागचा हललेला नाही, तरी धापा टाकतोय. किंवा एका जागी नीट झोपतच नाही, उठायला बघतो, परत आपटतो, परत उठायला बघतो. एकच जागा तासन्‌तास चाटतो. आयुष्यभर सगळ्यांच्या पायात लोळलेला कुत्रा अचानक मोरीपाशी नाहीतर सोफ्याच्या मागे जाऊन पडतो, कमरेला हात लागला की कधी नव्हे तो गुरगुरतो. किडनीवाल्या कुत्र्याला वर आणखी तोंडाला अमोनियासारखा घाण वास येतो, लाळ गळते, आणि ताटलीपाशी येऊन वास घेतो, ओठ चाटतो आणि मान फिरवतो. या शेवटच्या गोष्टीला लोक नखरे म्हणतात, थोडं चिकन टाका मग खाईल बघा, असं शेजारच्या काकू येऊन सांगून जातात. नखरे नसतात गं ते, मळमळ असते. त्याला खायचंय पण खाववत नाहीये. तुझी खारीची गोष्ट वाचली तेव्हा मला हेच वाटलं.

मी डॉक्टर नाही, पण तुझे आकडे माझ्या एका व्हेट, म्हणजे प्राण्यांची डॉक्टर असलेल्या, मैत्रिणीला नावगाव न सांगता वाचून दाखवले. तिने सांगितलेलं सरळ लिहिते. कुत्र्यांच्या किडनीच्या आजाराच्या चार स्टेज धरतात, क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायची रक्तातली घाण, ५ च्या वर गेलं की चौथी, म्हणजे शेवटची. सोनोग्राफीत किडन्या आकसलेल्या दिसल्यात म्हणजे हे जुनं दुखणं आहे, पावसाळ्यात लेप्टो होऊन किडनी अचानक बसते आणि उपचाराने कधीकधी परत उठते तशातलं हे नाही. सलाईनने रक्तातली घाण थोडी पातळ होते, अंगातलं पाणी भरून निघतं, त्याला बरं वाटतं, पण गेलेली किडनी परत येत नाही. तेव्हा पुढचा रिपोर्ट चांगला आला तर, ही जी आशा असते ना, ती आकड्यापुरती आहे, आकडा खाली आला तरी मुळातलं दुखणं काही मागे जात नाही.

तरीपण काही ठरवायच्या आधी डॉक्टरांना एवढं नक्की विचार. उलटी-मळमळीचं इंजेक्शन पूर्ण डोसमध्ये चालू आहे का, तोंड उघडून फोड बघितलेत का, ब्लड प्रेशर मोजलंय का, लघवीत इन्फेक्शन आहे का, आणि टिक फीव्हर तपासलाय का, कारण आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा हा ताप म्हाताऱ्या कुत्र्याला अगदी मरणाच्या दारात नेल्यासारखा दिसतो आणि गोळ्यांनी उतरूही शकतो. पायांच्या दुखण्याचंही बोल. लॅबच्या सांध्यांना नेहमी देतात त्या वेदनाशामक गोळ्या किडनीला जड जातात म्हणून डॉक्टरांनी कदाचित बंद केल्या असतील, म्हणजे बिचारा विनागोळीचा दिवस काढतोय का ते बघ, गॅबापेंटिनसारखं दुसरं काही कमी डोसमध्ये चालतं का विचार. आणि घरातली क्रोसिन, ब्रुफेन, वोव्हेरान यातलं काही, कोणी कितीही सांगितलं तरी, त्याला देऊ नकोस, ही माणसांची औषधं कुत्र्याला विषासारखी लागतात.

हे सगळं नीट केल्यावर त्याला साधारण एक आठवडा दे. त्या आठवड्यात खायला लागला, रात्री झोपला, तर तुझ्या हातात अजून काही दिवस आहेत, मजेत घालवा. नाही फरक पडला तर तो औषधाचा दोष नाही आणि तुझाही नाही.

या आठवड्यात बाबांना एक काम दे. स्वयंपाकघरात कालनिर्णय असेलच. रोजच्या चौकोनात दोन खुणा करायच्या, वर दिवसाची, खाली रात्रीची, बरी गेली तर टिक, वाईट गेली तर फुली, मधलं काही नाही. वाईट म्हणजे काय ते आधीच ठरवून टाका, नाहीतर आपण रोज माप बदलतो, काल दोन उलट्या म्हणजे वाईट होतं आणि आज दोनच झाल्या म्हणून बरं वाटायला लागतं. मी तर म्हणते रात्रीची खूण फक्त बाबांनीच करायची, तुम्ही कोणी त्यांना मग रात्री काही खास नव्हतं ना असं विचारून फुलीची टिक करायला लावू नका. एक चांगली संध्याकाळ गेली की मागच्या तीन वाईट रात्री माणूस विसरतो, म्हणून हा कागद.

एक तक्ताही आहे, डॉ. अ‍ॅलिस विलालोबोस नावाच्या, प्राण्यांच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या अमेरिकन डॉक्टरांनी केलेला, बरेच व्हेट वापरतात. त्यात सात गोष्टींना दहापैकी मार्क द्यायचे. दुखणं (श्वासाचा त्रास त्यातच आला), भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. सत्तरपैकी पस्तीसच्या वर असेल तर चाललंय ते चालू ठेवायला हरकत नाही असं त्या धरतात. चांगला आहे तक्ता, पण मला त्याची बेरीज फारशी पटत नाही. आनंदाला नऊ मिळाले म्हणून दुखण्याचे दोन भरून निघत नाहीत, श्वास लागत असलेला कुत्रा बेरजेत पास झाला तरी त्याचा श्वास लागलेलाच असतो. त्यापेक्षा असं करा, तू वेगळा भर, बाबांना वेगळा भरायला दे, एकमेकांचं न बघता, आणि मग शेजारी ठेवून बघा. जिथे तुझे आठ आणि त्यांचे तीन असतील तिथे बोलायला बसा. बहुतेक वेळा जास्त वेळ जवळ असलेल्या माणसाचे मार्क खरे असतात.

आता आई. आईशी भांडू नकोस, ती निर्दय नाही, तिला पापाची भीती आहे आणि ती भीती आपल्या घराघरात आहे. तिला दोन गोष्टी सांगून बघ. एक म्हणजे नैसर्गिक मरण तुम्ही मार्चपासूनच थांबवलंय, दिवसाआड सुई टोचून सलाईन देताय ते कुठे नैसर्गिक आहे. आणि ही किडनी नैसर्गिकपणे नेते म्हणजे झोपेत शांतपणे नेते असं फार क्वचित होतं. सहसा उलट्या, तोंडात फोड, पाण्याचा घोटही न टिकणं, शेवटी कधी झटके, असे दिवस काढून नेते. आईने हे कधी बघितलेलं नाही म्हणून तिच्या डोळ्यासमोर वेगळं मरण आहे.

दुसरं, तिला साबरमतीच्या वासराची गोष्ट सांग. १९२८ सालची. आश्रमातलं एक वासरू असं दुखण्याने पडलं होतं की त्याला कूसही बदलता येत नव्हती, डॉक्टरांनी आशा सोडली होती. गांधीजींनी आश्रमातल्या लोकांशी चर्चा केली आणि मग डॉक्टरांकडून इंजेक्शन देववून त्याला सोडवलं. केवढा गदारोळ झाला त्यावर, संतापलेल्या लोकांची पत्रंच्या पत्रं आली, गाईचं वासरू, तेही अहिंसावाल्याच्या आश्रमात! त्यांनी लपवलं नाही, स्वतः लेख लिहून सांगितलं की जिथे दुसरा काही इलाज उरलेला नाही तिथे दुःखातून सोडवणं हे माझ्या अहिंसेत बसतं. आता तुझ्या आईला गांधी पटत नसतील तर हे सोडून दे, काही घरांत उलटाच परिणाम होतो. कायद्याचं कोणी घाबरवत असेल तर प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणारा आपला १९६० चा जो कायदा आहे त्यातसुद्धा, जगवणं हीच क्रूरता होईल अशा प्राण्याला मरण देण्याची तरतूद आहे. रजिस्टर्ड व्हेटकडून, तुमची लेखी संमती घेऊन होतं हे, चोरून करायची गोष्ट नाही.

आणि आई शेवटपर्यंत नाहीच म्हणाली तर? मधला रस्ता आहे, सलाईन आणि रिपोर्ट बंद करायचे, मळमळीचं आणि दुखण्याचं औषध मात्र चालू ठेवायचं आणि त्याला घरात राहू द्यायचं. पण हे डॉक्टर रोज फोनवर असतील तरच, आणि फार तर थोड्या दिवसांसाठी, आणि त्यातही झटके आले किंवा श्वास लागला तर त्याच तासाला डॉक्टरला बोलवायचं हे आईकडून आधी कबूल करून घ्यायचं. औषध सगळंच बंद करून नुसतं बघत बसणं हा मधला रस्ता नव्हे.

दादाला मात्र मी थोडी कडक होऊन सांगेन. त्याचं वाईट वाटणं खरं आहे, परदेशात बसलेल्या माणसाला घरचं कुत्रं म्हणजे अर्धं घरच असतं, आणि हे असं फोनवर कळणं फार वाईट. पण त्याच्या तिकिटाच्या तारखेवर ब्रूनोच्या रात्री मोजता येणार नाहीत. त्याला फॅमिली ग्रुपवर नाही, वेगळा मेसेज कर, काहीतरी असा: "दादा, ब्रूनोची किडनी शेवटच्या स्टेजला आहे आणि त्याला रात्री झोप नाही. या आठवड्यात नवीन औषधाने फरक पडला नाही तर आम्ही त्याला सोडवणार आहोत. तू दिवाळीला येशील तेव्हा तो बहुतेक नसेल. रोज आमच्या सकाळी व्हिडिओ कॉल कर, मी फोन त्याच्याजवळ धरते. तिकीट आधीचं मिळालं तर ये, नाही मिळालं तर कोणाचा तुझ्यावर राग नाही. थांबा असं मात्र सांगू नकोस, बाबांना ते झेपत नाहीये." शेवटचं वाक्य काढू नकोस. बाबा २५-३० किलोचा कुत्रा कूस बदलायला रात्रीबेरात्री उचलतायत, त्यांची पाठ धरली की मग सगळ्यांच्याच लक्षात येईल.

पैशांबद्दल तुला लाज वाटते म्हणालीस. कशाला? रिपोर्ट, सलाईन, औषधं, डायपर, किडनीवालं महागडं खाणं, डॉक्टरांची व्हिजिट, हे मार्चपासून तू भरतेयस, आणि आता जो खर्च होणार आहे त्याने तो बरा होणार नाहीये. कर्ज काढून वाढवलेले दहा दिवस त्याला चांगले जाणार असतील तर मी वेगळं बोलले असते. पैसा हे एकच कारण असतं तर तू मार्चलाच विचारलं असतंस. ज्यांना पैसे मोजावे लागत नाहीत तेच लोक जिवापुढे पैसा काय असं म्हणतात, त्यांचं एका कानाने ऐकायचं.

आणि डॉक्टर "तुम्ही ठरवा" म्हणतात ते तुला टाळण्यासाठी नाही. त्यांनी सांगितलं आणि तुम्ही केलंत की पुढे कधीतरी घरातलं कोणीतरी म्हणतं की डॉक्टरने मारलं, हे त्यांनी अनुभवलेलं असतं. प्रश्न बदलून विचार. "डॉक्टर, हा तुमचा कुत्रा असता तर तुम्ही काय केलं असतं, आणि किती दिवसांत?" याला बरेचसे व्हेट खरं उत्तर देतात.

तर मग कधी. तू सरळ विचारलंस, मीही गोल गोल फिरत नाही. तू लिहिलंयस त्यावरून मला वाटतं औषधं नीट करून घेतलेला हा एक आठवडा, आणि कालनिर्णयवर सातापैकी चार रात्रींवर फुली आली तर त्याच्या पुढच्या तीन-चार दिवसांत. दिवाळीपर्यंत नाही. त्याच्या आधीच दोन दिवस सलग काहीच खाल्लं नाही, किंवा पाणीही टिकेना, किंवा स्वतःच्या लघवीतून सरकता येईना आणि अंगाला जखमा पडायला लागल्या, तर आठवडासुद्धा पुरा करू नका. आणि दिवस असा निवडा की तो तुम्हाला ओळखतोय, मान उचलतोय, कदाचित तेव्हाही शेपूट हलवेल. मला माहितीये तुला हेच नकोय. पण शेपूट हलणं थांबेपर्यंत वाट बघायची म्हणजे तो इतका गेलेला असेल की तुम्ही खोलीत आहात हेही त्याला कळणार नाही, आणि तेव्हा ती वेळ तुमच्या सोयीची नसते, रविवारी रात्री दोनला झटके येतात, एकही दवाखाना उघडा नसतो आणि तिसऱ्या मजल्यावरून चादर धरून उतरवताना त्याचे शेवटचे तास जातात. हे टाळण्यासाठी दोन-चार बरे दिवस सोडावे लागले तर सोडावेत या मताची मी आहे. सगळ्यांना हे पटत नाही, चालेल.

होतं कसं ते सांगते, कारण माहीत नसलं की जास्त भीती वाटते. डॉक्टरांना घरीच बोलव, त्याला खाली नेऊच नका. फोनवरच विचार की आधी भूल देणार ना? हो असंच उत्तर यायला हवं. आधी स्नायूत भुलीचं इंजेक्शन, दहा-पंधरा मिनिटांत तो गाढ झोपतो, मग पायाच्या शिरेतून बार्बिट्युरेट गटातलं औषध, तेही भुलीचंच पण जास्त डोसमध्ये, एक-दोन मिनिटांत श्वास आणि हृदय थांबतं. शुद्धीवर असलेल्या कुत्र्याला नुसतं मॅग्नेशियम किंवा पोटॅशियम देऊन मोकळं होणारा कोणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठव, ते क्रूर आहे. अंगात पाणी कमी असलं की शीर सापडत नाही, म्हणून सलाईनची सुई आधीच लावून ठेवता येईल का विचार. गेल्यावर डोळे उघडेच राहतात, लघवी-शी होते, कधी एक-दोन मोठे श्वास घेतल्यासारखं होतं, अंग फडफडतं, तेव्हा तो जिवंत नसतो, त्याला काही कळत नसतं, पण आधी माहीत नसलं तर घरचे किंचाळतात. खाली जुनी चादर, प्लॅस्टिक टाका. सह्या आणि पैसे आधी उरकून घ्या, नंतर त्या अवस्थेत पाकीट शोधणं नको. आईला तोंडात गंगाजल घालायचं असेल तर जरूर घालू दे, पण चमचाभर आणि भूल द्यायच्या आधी, नंतर घशात अडकतं. तिला खोलीत थांबायचं नसेल तर देवापाशी बसू दे.

पुढचं कुठे न्यायचं तेही आधीच ठरवा, तुमच्या महापालिकेची सोय काय आहे ते डॉक्टरांना माहीत असतं. मुंबईत मालाडला महापालिकेची लहान प्राण्यांची दहनव्यवस्था २०२३ पासून आहे, खासगीवालेही आहेत. गावी शेतात पुरणार असाल तर खड्डा चांगला खोल करा, कारण हे औषध शवात राहतं, दुसऱ्या कुत्र्याने किंवा घारी-गिधाडांनी उकरून खाल्लं तर तेही मरू शकतात. नाल्याकडेला वगैरे तर अजिबात नको.

भाच्याला खरं सांगा. ब्रूनो खूप आजारी होता, बरा होणार नव्हता, डॉक्टरांनी औषध दिलं आणि तो मेला, एवढं सात वर्षांच्या मुलाला पुरतं. गावाला काकांकडे पाठवला असं सांगाल तर पुढच्या मे महिन्यात तो गावाला जाऊन शोधेल. इंजेक्शनच्या वेळी त्याला नको, पण आदल्या दिवशी भेटू दे.

बाबांचं नंतर बघायला लागेल. रिटायर झाल्यापासून त्यांची सकाळ ब्रूनोवरच बांधलेली असणार, फिरणं, दूध आणणं, चहा, खारी. पहिले काही आठवडे कोणीतरी त्यांच्याबरोबर त्याच वेळी खाली उतरा, बोलायची गरज नाही. आणि दादाला किंवा कोणाला सरप्राइज म्हणून नवीन पिल्लू आणायची हुक्की आली तर थांबव. ७४ व्या वर्षी नवीन कुत्रा घ्यायचा की नाही हे त्यांचं त्यांना ठरवू दे.

खायचं तू विचारलेलं नाहीस पण प्रत्येक जण विचारतोच, म्हणून सांगते. त्या दिवशी किडनीचं पथ्य पाळायची गरज नाही. खारी, उकडलेलं चिकन, आइस्क्रीम, जे घेईल ते द्या, फक्त डॉक्टर यायच्या आधी चार-पाच तास आणि थोडं थोडं, कारण भुलीच्या काही इंजेक्शनने भरल्या पोटी उलटी होते. मळमळीचं औषध सकाळीच देऊन ठेवलंत तर खायची शक्यता जास्त. नाही खाल्लं तर मागे लागू नका. आणि न फोडलेल्या सलाईनच्या बाटल्या, डायपर उरतीलच, ते डॉक्टर आले की त्यांच्याच हाती द्या, रस्त्यावरच्या कुत्र्यांचं काम करणारी पोरं दवाखान्यात येत असतात, त्यांना लागतात.